पाण्याखालची पेरणी : सागरी गवताची गेलेली कुरणे परत आणता येतात का?

खारा वारा :

गेली सहा वर्षे माझे वास्तव्य अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आहे. या राज्याच्या अटलांटिककडील किनाऱ्यावर बाहेरच्या बाजूला वाळूच्या बेटांची रांग आहे आणि त्या बेटांच्या आड कमरेइतक्या, फार तर गळ्याइतक्या पाण्याचे उथळ उपसागर आहेत. वसंत ऋतू सरता सरता तिथल्या ऑयस्टर नावाच्या खेड्यातून स्वयंसेवकांच्या होड्या निघतात, आणि गेली तीन वर्षे त्यांतल्या एखाद्या होडीत मीही असतो. काम असते पाण्याखाली वाढणाऱ्या गवताचे बी गोळा करण्याचे. या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा.

डोळ्यांवर काच, तोंडात श्वासनळी आणि कमरेला जाळीची पिशवी एवढीच सामग्री लागते. डोके पाण्यात घातले की हिरव्या फितींचे शेत प्रवाहाबरोबर एका अंगाला झुकलेले दिसते. बहुतेक फिती म्हणजे नुसती पाने असतात. बी धरलेला दांडा थोडा उंच, फिकट आणि फांद्या फुटलेला असतो. तो चाचपून ओळखायचा आणि मुळाला धक्का न लावता वरच्या वर खुडायचा. दांड्याच्या आवरणात, शेंगेत दाणे असावेत तसे, एका ओळीत बी बसलेले असते, आणि एकेक दाणा तांदळाच्या कणीएवढा. दोन-अडीच तासांत भरती चढते, पाय टेकेनासे होतात आणि काम आपोआप थांबते. पिशव्यांतला माल किनाऱ्यावरच्या टाक्यांत पडतो. तिथे समुद्राचे पाणी खेळते ठेवतात; पाने कुजून जातात, बी सुटून तळाशी बसते, ते चाळून वेगळे काढतात आणि शरद ऋतूत होडीतून हाताने फोकून पेरतात. आजोळी भाताच्या राबात मुठीने बी टाकताना मामाचा हात जसा फिरायचा, तसाच इथेही फिरतो. फरक इतकाच की इथे बी पडलेले दिसत नाही.

आता मागची हकीकत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिकच्या दोन्ही काठांवर या गवताला (ईलग्रास, म्हणजे झोस्टेरा मरिना) एक रोग लागला. लॅबिरिन्थुला नावाच्या सूक्ष्म जीवामुळे पाने काळी पडून गळत गेली. व्हर्जिनियाच्या या उपसागरांत जे काही उरले होते, ते ऑगस्ट १९३३च्या चक्रीवादळाने उपटून नेले. गवत गेले तसे त्याच्या पात्यांना चिकटून वाढणारे स्कॅलप जातीचे शिंपले गेले आणि त्यांवर चालणारा मासेमारीचा धंदाही बसला. हे गवत खाऊन हिवाळा काढणाऱ्या ब्रँट जातीच्या समुद्री हंसांची संख्या कोसळली, आणि फक्त याच पात्यांवर जगणारी लॉटिया अल्विअस नावाची एक चिमुकली गोगलगाय तर पृथ्वीवरूनच नाहीशी झाली.

पुढची साठ-पासष्ट वर्षे त्या उपसागरांचा तळ उघडा राहिला. रोग ओसरला होता, पाणी चांगले होते, तरी गवत का परतले नाही? याचे उत्तर बियाण्याच्या स्वभावात सापडले. रॉबर्ट ऑर्थ आणि व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्समधील त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की सुटे बी पाण्यात फार वाहत जात नाही. ते मूळ झाडापासून काही मीटरांतच तळाला बसते. म्हणजे आसपास गवत शिल्लक नसेल तर बी येणार कुठून? एखादा बी धरलेला दांडा तुटून तरंगत आला तर तेवढाच योग. तसा योग घडलाही असावा, कारण १९९७च्या सुमारास साऊथ बे या उपसागरात गवताचा एक लहानसा ठिगळाएवढा पट्टा आढळला. तिथे गवत तग धरू शकते याचा तो पुरावा होता. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत सात कोटींहून अधिक बिया ५३६ तुकड्यांत, एकूण सुमारे २१३ हेक्टरांवर पेरण्यात आल्या, आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे त्यांचे ३,६१२ हेक्टर कुरण झाले. पेरले त्याच्या सतरापट गवताने स्वतःहून पसरून घेतले.

हे वाचून लगेच टाळ्या वाजवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच मंडळींनी पश्चिमेला काही मैलांवर असलेल्या चेसापीक उपसागरात हेच बी, याच पद्धतीने पेरले, आणि तिथे बहुतेक ठिकाणी ते टिकले नाही. तिकडचे पाणी गढूळ आहे आणि उन्हाळ्यात फार तापते. बाहेरच्या उपसागरांत उणीव होती ती फक्त बियाण्याची, बाकी सगळे तयार होते. माझ्या मते या विषयातले निम्मे शहाणपण या दोन पाण्यांच्या तुलनेत आहे. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे प्रयत्न चालू आहेत, हे मला ऐकून माहीत आहे. तिकडे प्रत्यक्ष काम पाहिलेले कोणी असल्यास त्यांनी कृपया लिहावे.

जिज्ञासू नाशिककर :

लेख आवडला, परंतु एक प्राथमिक शंका आहे. किनाऱ्यावर फिरताना पायाला लागते ते शेवाळ आणि हे गवत एकच का? नसल्यास त्याला गवत म्हणण्याइतका फरक कोणता? आणि शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे विचारतो, गवत म्हटले की ते काढून टाकायचे असते, लावायचे नसते, अशी आमची समजूत आहे.

खारा वारा :

आपली शंका अगदी रास्त आहे. शेवाळाला खरी मुळे नसतात आणि फुलेही नसतात. सागरी गवत मात्र फुले येणारी वनस्पती आहे. तिचे पूर्वज जमिनीवरचे होते आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी ते पुन्हा समुद्रात उतरले. परागकण पाण्यातूनच एका फुलाकडून दुसऱ्याकडे जातात. जगात याच्या सुमारे साठ ते सत्तर जाती आहेत. शास्त्रीयदृष्ट्या हे आपल्या गवताच्या कुळातले नाही, तरीही आपण शेतकरी घरातले आहात म्हणून सांगतो, हरळी आठवा. हरळीचे आडवे खोड जसे जमिनीत सरपटत जाते, पेऱ्यापेऱ्याला मुळे आणि पाने फोडते आणि माती घट्ट धरून ठेवते, अगदी तसेच हे चिखलात करते. शेतात ज्या गुणामुळे हरळी नकोशी होते, त्याच गुणामुळे समुद्राच्या तळाला हे गवत हवेसे असते. तळ धरला गेला की गाळ उठत नाही, गाळ उठला नाही की पाणी नितळ राहते, आणि पाणी नितळ राहिले की गवताला ऊन मिळते. ढोबळमानाने पृष्ठभागावर पडणाऱ्या उन्हाचा दहावा हिस्सा तरी खाली पोचला पाहिजे, बऱ्याच जातींना त्याहून जास्त लागतो. हे चक्र एकदा उलटे फिरले की मात्र तेही तितक्याच चिकाटीने फिरत राहते.

रामेश्वरवाट :

नोकरीनिमित्त मी आठ वर्षे तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात काढली आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या कोळी बांधवांबरोबर बऱ्याचदा होडीवर गेलो आहे. मी शास्त्रज्ञ नाही. जे पाहिले ते लिहितो.

पाल्कचा उपसागर (तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधला) फार उथळ आहे, सरासरी खोली दहा मीटरांच्या आत. मन्नारचे आखात आणि हा उपसागर मिळून भारतातील सागरी गवताची सर्वांत मोठी कुरणे इथे आहेत. होडीतून खाली पाहिले की काही ठिकाणी शेवयांसारखी गोल पात्यांची सिरिंगोडियम दिसते, काही ठिकाणी पट्टीसारखी चपटी, टोकाला बारीक दात असलेली सिमोडोशिया. या दोन जाती पुनर्लागवडीसाठी विशेष वापरतात. इथे व्हर्जिनियासारखी फोकणी नाही, लावणी आहे. दाट कुरणातून आडव्या खोडासकट फुटवे काढायचे आणि उघड्या पडलेल्या तळावर ते रोवायचे. तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने एक चौरस मीटरची पीव्हीसी नळ्यांची चौकट करून तिच्यावर तागाच्या सुतळीचे आडवे-उभे धागे ताणले, त्यांना फुटवे बांधले आणि ती चौकट तळाशी ठेवली. पलीकडे तंजावर जिल्ह्यात ओमकार फाउंडेशनने बांबूची चौकट आणि काथ्याची दोरी वापरली. माझ्या सामान्य बुद्धीला दुसरी पद्धत अधिक पटते, कारण फुटव्यांनी मूळ धरेपर्यंत बांबू आणि काथ्या टिकतात आणि नंतर कुजून जातात. प्लास्टिक परत काढायला कोणाला तरी बुडी मारावी लागते.

एकदा मी काठावर बसून फुटवे बांधण्याचे काम पाहत होतो. बांधणाऱ्या बायकांच्या बोटांचा वेग जाळे विणणाऱ्यांचा होता. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलू दिले आणि मग हसून सांगितले की हे सगळे ठीक आहे, पण उद्या रात्री ट्रॉलर आला तर तुमच्या दोऱ्या त्याच्या जाळ्यात जातील. कायद्याने ट्रॉलरना किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात येण्यास मनाई आहे, आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून ६१ दिवस ट्रॉलिंग बंद असते. उरलेल्या दिवसांत, विशेषतः अंधारात, काय चालते हे किनाऱ्यावरचा प्रत्येक जण जाणतो. तळ खरवडत जाणारे जाळे म्हणजे कुरणावरून फिरवलेला कुळवच. लहान होड्यांचे मच्छीमार आणि ट्रॉलरवाले यांच्यातले भांडण मुळात गवताचे नाहीच, ते कोळंबीचे आणि पोटाचे आहे. पण कुरणाचे काय होणार ते त्या भांडणाच्या निकालावर ठरते.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. सप्टेंबर २०२२मध्ये तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले, ते देशातले अशा प्रकारचे पहिलेच. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, तमिळमध्येही तिला कडल पसू म्हणतात. ती जवळजवळ केवळ हेच गवत खाते, आणि पूर्ण वाढलेले जनावर दिवसाला तीस-चाळीस किलोंपर्यंत चरते. म्हणजे गवत लावणे हे तिथे नुसते पर्यावरणप्रेम नाही, वैरणीची सोय आहे.

हिशेबनीस :

चर्चा चांगली चालली आहे, तरी थोडे पाणी ओततो. २०१६मध्ये जगभरातील १,७८६ पुनर्लागवडींचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात सरासरी जगण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि फसलेल्या प्रयोगांची नोंद कोणी आवडीने करत नाही, हे गृहीत धरले तर वास्तव याहून वाईट असावे. आपल्याकडे वृक्षारोपणाचे जे होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. खड्डा तोच, फलक नवा, रोप नवे, आणि पुढच्या जुलैत पुन्हा पाहुणे तेच. जमिनीवरचे वाळलेले रोप निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. पाण्याखाली काय मेले ते कोण पाहणार?

याउलट फ्लोरिडातील टँपा उपसागराचे उदाहरण पाहावे. तिथे मुख्य भर लावणीवर नव्हताच. १९८०च्या सुमारास सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा सुधारली, नायट्रोजनचा भार कमी केला, त्यामुळे पाण्यातील सूक्ष्म शैवाल घटले, ऊन तळापर्यंत पोचू लागले आणि गवत आपोआप परत आले. २०१५पर्यंत त्याने १९५०च्या दशकातील पातळी गाठली. मग लावणीवर पैसा का घालवावा? तोच पैसा गटारावर घालावा.

खारा वारा :

हिशेबनीस, आपल्या मुद्द्याला माझा विरोध नाही. चेसापीकचे उदाहरण मी त्याचसाठी दिले होते. पण टँपाची गोष्ट २०१५ला थांबत नाही. २०१६नंतर तिथे गवत पुन्हा मोठ्या प्रमाणावर घटले आहे. म्हणजे गटाराचे काम एकदा करून मोकळे होता येत नाही. शिवाय व्हर्जिनियाच्या बाहेरच्या उपसागरांत गटाराचा प्रश्नच नव्हता. तिथे आणखी शंभर वर्षे पाणी स्वच्छ ठेवून वाट पाहिली असती तरी बी आले नसते. कुठे पाणी आजारी आहे आणि कुठे नुसते बियाणे संपले आहे, हे ओळखल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, एवढे आपण दोघेही मान्य करू.

आपण सांगितलेल्या आढाव्यातला दुसरा निष्कर्ष मात्र आपण सोडून दिलात. एक लाखाहून अधिक फुटवे किंवा बिया वापरलेल्या लागवडी लहान लागवडींपेक्षा चांगल्या टिकल्या. कारण समजण्यासारखे आहे. चार फुटवे लाटेपुढे उभे राहू शकत नाहीत; दाट पट्टा असेल तर पुढची पाने लाट अंगावर घेतात आणि मागच्यांच्या मुळाशी गाळ स्थिरावतो. लहानसा प्रयोग करून पाहू, जमले तर वाढवू, हा आपला नेहमीचा सावध मार्ग इथे अंगाशी येतो. वेल्समध्ये डेल या ठिकाणी दोन हेक्टरांसाठी दहा लाखांच्या घरात बिया लागल्या, त्या गोणपाटाच्या छोट्या पिशव्यांत भरून दोरीला बांधून तळाशी सोडल्या होत्या. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात भरती-ओहोटी फेकलेले बी वाहून नेते, म्हणून तिथल्या लोकांनी खिडकीच्या फटी भरण्याच्या बंदुकीत चिखल आणि बी कालवून भरले आणि ओहोटीच्या वेळी चिखलात ठिपक्याठिपक्याने टोचले. आपली टोकण पद्धतच म्हणा ना.

उन्हाचा तडाखा हा मात्र असा शत्रू आहे की ज्याच्यावर गटार सुधारून इलाज होत नाही. जून २०१५मध्ये साऊथ बेमधील पाणी इतके तापले की कुरणाच्या मधल्या भागातले बहुतेक फुटवे मेले. काही वर्षांत ते भरून आले, कारण आजूबाजूला बियाणे होते. पट्टा लहान असता तर तेवढ्यावर कथा संपली असती.

रामेश्वरवाट :

यात लक्षद्वीपची भर घालतो, कारण तिथली अडचण ना गटाराची, ना बियाण्याची. अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये (प्रवाळांच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात) हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली की त्यांनी गवत मुळापर्यंत खुडून टाकले आणि मग ती दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे वळली. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी हे वर्षानुवर्षे नोंदवले आहे. गवतातले मासे कमी झाले, म्हणून तिथले मच्छीमार कासवांवर चिडले. कासव संरक्षित, गवत मौल्यवान, मासे पोटाचे. यात लावणी करणारा काय लावणार? लावले की कासव खाणार. कासवांना धरणारे मोठे शार्क जिथे विरळ झाले आहेत, तिथे हा तोल सहजासहजी सावरत नाही.

खाजणकाठ :

मी सिंधुदुर्गातला. इतके दिवस वाटत होते की हा विषय आपल्या किनाऱ्याचा नव्हे, कारण आमच्याकडचे पाणी पावसाळ्यात चहासारखे असते आणि पाल्कसारखी कुरणे इथे कोणी पाहिलेली नाहीत. तरीही खाडीत कांदळवनाच्या पुढच्या चिखलावर, ओहोटीला पाणी उतरले की, एक अगदी खुजी वनस्पती मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे. एका बारीक देठाच्या टोकाला सहा-आठ अरुंद पानांचा झुबका, पान बोटाच्या पेरापेक्षा लहान. चिमणीच्या पावलांनी चिखलावर हिरवी नक्षी काढावी तसे ते दिसते. गेल्या वर्षी एका जाणकाराला छायाचित्र दाखवले तेव्हा कळले की ही हॅलोफिला बेकारी, कोकण आणि गोव्याच्या खाड्यांत आढळणारे सागरी गवतच, आणि जागतिक यादीत ती असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या खाडीत एका संस्थेने मोठ्या उत्साहाने कांदळाची रोपे लावली, आणि ती नेमकी याच चिखलावर लावली. मोकळा चिखल म्हणजे पडीक जागा, अशी त्यांची समजूत. बहुतेक रोपे भरतीने गेली; जिथे माणसे रांगेने गुडघाभर चिखल तुडवत गेली तिथली ती हिरवी नक्षीही गेली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. त्यामुळे इथे गवत लावू या का, असे विचारण्याऐवजी मी असे विचारतो की जे आहे ते कुठे आणि किती आहे, हे माझ्यासारख्या माणसाने कसे नोंदवावे?

हिशेबनीस :

खाजणकाठ यांच्या प्रतिसादाने माझे निम्मे काम केले. फिलिपाइन्समध्येही कांदळाची रोपे सागरी गवताच्या पट्ट्यांवर लावल्याची उदाहरणे सर्वज्ञात आहेत. एका चांगल्या कामाने दुसरे चांगले काम तुडवायचे, याला हिशेबात कुठल्या रकान्यात धरावे?

खारा वारा :

खाजणकाठ, आपण विचारलेला प्रश्न या धाग्यातला सर्वांत उपयोगी आहे. पद्धत सोपी आहे. अर्ध्या मीटरची चौकोनी चौकट करावी. ओहोटीला चिखलाच्या कडेने एक सरळ रेषा धरून चालावे, दर दहा पावलांवर चौकट ठेवावी आणि आतला किती भाग गवताने झाकला आहे याचा अंदाज लिहावा. शून्य असेल तर शून्यही लिहावे, कारण पुढे तेच सर्वांत कामाला येते. प्रत्येक चौकटीचे वरून सरळ एक छायाचित्र घ्यावे आणि मोबाइलमधले स्थान नोंदवावे. हीच रेषा पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि थंडीत, अशी वर्षातून तीनदा चालावी. ही जात पावसाळ्याबरोबर पुष्कळ कमी-जास्त होते, त्यामुळे एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये. आणि गवतावरून चालू नये, कडेने चालावे.

रामेश्वरवाट :

पुस्ती जोडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी निवडावी, त्या वेळी चिखल सर्वांत जास्त उघडा पडतो. पायांखाली फळी घेतली तर रुतणे कमी होते आणि गवतही वाचते. आणि खाडीत कालवे, तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बायकांना आधी विचारावे. हा हिरवा पट्टा पूर्वी कुठपर्यंत होता हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. पाल्कमध्ये मला जे कळले त्यातले निम्मे त्या फुटवे बांधणाऱ्या बाईंकडून कळले.

खाजणकाठ :

दोघांचेही आभार. येत्या अमावास्येच्या ओहोटीला जातो. माझी आतेबहीण त्याच खाडीत तिसऱ्या काढते, तिला बरोबर घेतो. तिने आत्ताच सांगितले की पूर्वी हे पलीकडच्या जेटीपर्यंत होते आणि तिच्या लहानपणी या चिखलात पाय कमी रुतत असे. चौकट घरातल्या जुन्या खिडकीच्या लाकडी पट्ट्यांची केली तर चालेल ना, की ती तरंगेल?

खारा वारा :

उघड्या चिखलावर ठेवायची असल्यामुळे लाकूड चालेल. पाणी परत चढू लागले की मात्र ती आधी उचला, नाहीतर तुमची खिडकी जेटीवर सापडेल.